ओनोदेरांचा अँप्लिफायर

मात्सुमोतो,
९ एप्रिल १९७७

चि. तेरुहिको यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

मार्चअखेर शाळेतून सुटलो. निरोपाच्या दिवशी मुलांनी गाणं म्हटलं आणि मी भर सभेत रडलो. तुझी ताई मात्र सगळ्या गल्लीत सांगत सुटली आहे की, झाडांच्या परागांनी यांचे डोळे चुरचुरत होते. जन्मभर पोरांना सूर शिकवले, पण या एका बाईला खरं बोलायला शिकवता आलं नाही.

आता तुझ्या लबाडीविषयी. नववर्षाला आलास तेव्हा आमच्या चटयांच्या खोलीची लांबी-रुंदी पावलांनी कशाला मोजत होतास, ते आत्ता उमगलं. आमचा रविवारचा गायकवृंद तुला ठाऊक आहेच. ते सफरचंदवाले, त्या नर्सबाई, बँकेतले ते कारकून, ज्यांना मी वर्षानुवर्षं ताल चुकला म्हणून झापत आलो, त्यांनी वर्गणी काढून मला स्पीकरांची जोडी भेट दिली. वृंदाच्या चिटणीस मोमोसेबाईंनी तुझ्या स्पीकर-अँप्लिफायरच्या दुकानात गुपचूप फोन केला आणि निवड तू केलीस, हेही कळलं. स्पीकर इतके जड आहेत की तीन सफरचंदवाले घाम पुसत आत आले. मोमोसेबाई म्हणाल्या, सर, शाळा सुटली तरी आम्हाला सोडू नका. कसला सोडतो! रविवारखेरीज आता बुधवारीही तालीम घेणार आहे.

दुसरी बातमी वाईट. ओनोदेरांनी कॉफीचं दुकान बंद केलं. गुडघे गेले, आता सेंदाईला मुलीकडे जाणार. शनिवारी शाळा सुटली की त्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं आणि एका कपावर तीन रेकॉर्डी ऐकायच्या, हा माझा नेम होता. त्यांचे ते कर्ण्याचे स्पीकर कपाटाएवढे, कोणाच्या दारातून आत जाणार? ते एका हॉटेलाने नेले. पण त्यांनी स्वतःच्या हाताने जोडलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यांनी जांभळ्या कापडात बांधून माझ्या दारात आणला आणि वाकून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, या गावात न बोलता ऐकणारा माणूस एकच होता. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून गेलो.

तेव्हा प्रश्न असा, आणि तो मेहुण्याला नाही, दुकानदाराला आहे. वृंदाने दिलेले स्पीकर आणि ओनोदेरांचा अँप्लिफायर, जोडी जुळेल का? तुझी ताई म्हणते, दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की चांगलंच होणार. याच न्यायाने ती स्वयंपाक करते आणि ते मी खाल्लेलं आहे. महिनाअखेरच्या रविवारी सगळा वृंद पहिल्यांदा ऐकायला येणार आहे, ओनोदेराही गाव सोडण्याआधी येतील. तोवर उत्तर धाड. मास्तरकी संपली म्हणून माया आटू देऊ नये.

तुझा,
मोरिओ काताकुरा

कावागुची,
१३ एप्रिल १९७७

ती. सौ. ताईस,
तेरुहिकोचा कृ. सा. न. वि. वि.

भाऊजींचं पत्र मिळालं. उत्तर त्यांना लिहायचं सोडून तुला लिहितो आहे, यावरून काय ते ओळख.

जोडी जुळत नाही, ताई. मुळीच जुळत नाही. मोमोसेबाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानातले सर्वांत प्रामाणिक स्पीकर निवडले. भाऊजी वृंदगायन ऐकणार, चाळीस गळ्यांतला एकेक गळा त्यांना वेगळा ऐकू यायला हवा, म्हणून. हे बंद पेटीचे स्पीकर आवाज स्वच्छ देतात, पण त्यांचं खाणं दांडगं. मागे शंभर वॅटचा अँप्लिफायर लागतो. तसा एक मी बाजूला काढूनही ठेवला होता. म्हटलं, भाऊजी अँप्लिफायरचं विचारतीलच, तेव्हा दाखवू. ओनोदेरांचा आहे आठ वॅटचा. त्यांच्या दुकानात तो सुरेख वाजायचा, कारण कर्ण्याच्या स्पीकरांना नुसती फुंकर पुरते. इथे एकटं व्हायोलिन असेल तर निभावेल. पण चाळीस माणसं एकदम आवाज चढवू लागली की त्याला धाप लागणार आणि मधले सगळे आवाज एकमेकांत कालवले जाणार.

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हे मी एका मिनिटात सांगितलं असतं. भाऊजींना कसं सांगू? अँप्लिफायर नको म्हणावं, तर ओनोदेरांनी वाकून दिलेली भेट माळ्यावर जाते. स्पीकर चुकले म्हणावं, तर चाळीस जणांची वर्गणी मातीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तूच सांग काय करू. तुझ्या हातच्या मुळ्याच्या पानांच्या लोणच्याचा डबा संपला, हे सहज कळवतो.

इकडे हिचा नमस्कार. धाकट्यावर आहे ती माया तशीच राहू दे.

तुझा,
तेरुहिको

मात्सुमोतो,
१६ एप्रिल १९७७

चि. तेरुस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांच्या हाती लागलं नाही, देव पावला. वाचून लगेच चुलीत घातलं.

बाबा रे, तुझे ते वॅट ठेव तुझ्या दुकानात. इथली स्थिती तुला माहीत नाही. शाळा सुटल्यापासून हे सकाळी उठून कपडे करतात, पिशवी घेतात, दारापर्यंत जातात आणि मग आठवण होऊन परत येतात. मी भांडी घासत असल्याचं सोंग करते. तो अँप्लिफायर घरात आला त्या दिवसापासून मात्र माणूस पुन्हा हसायला लागला आहे. रोज सकाळी मऊ फडक्याने त्याच्या काचा पुसतात. मी तोंडावर म्हटलं, माझा चष्मा कधी असा पुसला नाहीत. तर म्हणाले, तुझा चष्मा गात नाही.

महिनाअखेरच्या रविवारी एका बाजूला वृंद बसणार, दुसऱ्या बाजूला ओनोदेरा. त्यांच्या देखत तुझ्या उत्तराचं काय करायचं? ते दोघांनाही तोंड दाखवू शकणार नाहीत. तू आपलं जुळेल म्हणून कळव. एकदा ओनोदेरा सेंदाईला गेले, चार महिने लोटले, की हळूच बघू. कोणाचं वाईट होत नाही यात. डबा पाठवला आहे. खाताना जपून, तुझं पोट लहानपणापासून हलकं.

तिकडे सर्वांना आशीर्वाद. ताईचं ऐकत असावं.

तुझी,
सावाको

कावागुची,
१९ एप्रिल १९७७

ती. भाऊजींस,
तेरुहिकोचा शि. सा. न. वि. वि.

आपलं कृपापत्र पोचलं. निवृत्तीबद्दल काय लिहावं? मात्सुमोतोच्या निम्म्या गावाला सूर म्हणजे काय ते आपल्यामुळे कळलं.

आपण विचारलेल्या जोडीबद्दल. ओनोदेरांच्या हाताचं काम मी पाहिलेलं आहे, तसं जोडकाम आमच्या बाजारातही मिळत नाही. स्पीकर थोडे भारदस्त स्वभावाचे आहेत. त्यामुळे सुरुवातीला व्हायोलिन, बासरी अशा हलक्या रेकॉर्डी लावाव्यात असं सुचवावंसं वाटतं. नवे स्पीकर मोकळे व्हायला वेळही घेतात. पहिले काही महिने आवाज जरा बांधलेला वाटला तर मनाला लावून घेऊ नये, तो पुढे सुटत जातो. एकंदरीत जोडी जुळेल, असं मानायला हरकत नाही.

रविवारच्या बैठकीला मनापासून शुभेच्छा. या अल्पमतीवर कृपा आहे ती तशीच असावी.

आपला,
तेरुहिको

मात्सुमोतो,
२६ जून १९७७

चि. तेरुहिको यास,
अनेक आशीर्वाद.

पाऊस लागून राहिला आहे, चटया ओलसर झाल्या आहेत. बैठकीचा सविस्तर वृत्तान्त लिहायचा राहूनच गेला. ओनोदेरांनी आपल्या हाताने व्हायोलिनची रेकॉर्ड लावली. एकटं व्हायोलिन, पण सफरचंदवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोमोसेबाईंनी विचारलं, सर, आमच्या स्पीकरांचा आवाज कसा? मी म्हटलं, राजेशाही. ओनोदेरांनी विचारलं, माझं पोरगं नीट वागतं ना? मी म्हटलं, माझ्यापेक्षा नीट. दोघंही खूष होऊन गेले. पुढच्याच आठवड्यात ओनोदेरांना गाडीवर पोचवून आलो.

त्यानंतर निवांतपणे वृंदगायनाच्या रेकॉर्डी लावल्या. सुरुवात छान होते. पण सगळे आवाज मिळून उठतात तिथे मला मधल्या स्वरातल्या बायका सापडत नाहीत. पुरुषांतलेही वरचे आवाज त्यांच्यातच मिसळतात. जुन्या ओळखीच्या रेकॉर्डी आहेत, कोणती बाई कुठे श्वास घेते हेही मला पाठ होतं. तू लिहिलंस की स्पीकर मोकळे व्हायला वेळ लागतो, म्हणून धीर धरला आहे. तू या धंद्यात केस पांढरे केलेस, तुझ्या शब्दावर माझा भरवसा आहे. मी म्हाताऱ्या मास्तरासारखी घाई करत असेन.

बाकी क्षेम. दुकानातल्या गर्दीत आम्हा डोंगराळ माणसांना विसरू नये.

तुझा,
मोरिओ

मात्सुमोतो,
३० ऑक्टोबर १९७७

चि. तेरुस,
अनेक आशीर्वाद.

डोंगरावर बर्फ दिसू लागलं. लोणची घालायला बसायला हवं, पण हाताला जोर नाही, तो का ते सांगते.

ह्यांच्या मनाने घेतलं आहे की आपले कान गेले. उन्हाळाभर रेकॉर्ड लावायचे, तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाजवायचे आणि मान हलवून बंद करायचे. मी म्हटलं, खोलीत चटया आहेत, आवाज पीत असतील. तर म्हणाले, तेरुहिकोने निवडलेले स्पीकर, ओनोदेरांच्या हाताचा अँप्लिफायर, तेरुहिको म्हणतो जुळतं. मग उरलं कोण? मीच उरलो. मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला रे.

शेवटी कानाच्या डॉक्टरकडे गेले. तो तरुण पोरगा. म्हणाला, तुमच्या वयाला बारीक आवाज थोडे कमी ऐकू येणारच, काही विशेष नाही. ह्यांनी त्यातलं थोडे कमी एवढंच घरी आणलं. आता तालमीत चुकलं तरी बोलत नाहीत. मागे म्हणे मधल्या स्वरातल्या बायकांना एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावली आणि मग म्हणाले, माफ करा, तुमचं बरोबर असणार. मोमोसेबाईंनी मला बाजारात गाठून विचारलं, सर बरे आहेत ना? अठरा वर्षांत त्यांनी कधी आमची माफी मागितली नव्हती.

आता काय करावं? माझ्याने सांगवत नाही. तू काही सुचव.

सर्वांना आशीर्वाद. ताईवर राग असला तरी लोभ कमी करू नको.

सावाको

कावागुची,
६ नोव्हेंबर १९७७

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुझ्यावर राग कसला? मी लिहिलं नसतं तर तू काय माझा हात धरून लिहून घेणार होतीस?

आता लिहावं तर भाऊजी विचारतील, एप्रिलमध्ये का नाही बोललास. तूर्त एक उपाय कर. स्पीकरांखाली दगडी फरश्या घालायला सांग, चटईवरचा घोळ थोडा कमी होईल. फार फरक पडेल असं नाही. वर्षअखेरीची विक्री डोक्यावर आहे, दुकानातून पाय निघत नाही. नववर्षाला आलो की समोरासमोर बसून नीट सांगतो. तोंडाने सांगितलं की तेवढं लागत नाही. तोवर त्यांना म्हण, तेरु म्हणतो कान उत्तम असणार.

तुझ्या लोभाला मी पात्र नाही, तरी तो असावा.

तुझा,
तेरुहिको

मात्सुमोतो,
१२ फेब्रुवारी १९७८

चि. तेरुस,
आशीर्वाद.

नववर्षाला आलास, तीन दिवस राहिलास, शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून संत्री खाल्लीस आणि एक अक्षर न बोलता गेलास. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. तुला बोल लावत नाही. मीही दोनदा खाकरले आणि तुला भात वाढून परत गेले.

आता उशीर झाला. ह्यांनी वृंद सोडला. मोमोसेबाईंना घरी बोलावून, नवा किमोनो घालून, अगदी रीतीने सांगितलं की ज्याला ऐकू येत नाही त्याने हात हलवणं म्हणजे लोकांना फसवणं. त्या रडल्या, हे नाही रडले. गेल्या रविवारी नदीकाठच्या सोबा शेवयांच्या दुकानात निरोपाचं जेवण झालं. सगळ्यांनी मिळून त्यांना एक गरम शाल दिली. सफरचंदवाले आळीपाळीने ह्यांच्या पेल्यात साके ओतत होते आणि हे प्रत्येकाला कोणती ओळ कुठे घसरते ते सांगत होते. शेवटी उठून वाकले आणि म्हणाले, आतापर्यंत माझे कान सहन केलेत.

त्यांच्या जागी कुमारी हायासे म्हणून एक मुलगी येते आहे. नागोयाच्या संगीतशाळेतली नोकरी सोडून मुद्दाम इथे येते आहे. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी म्हणून गेले, तर ह्यांनी मलाच दटावलं. ती चांगली आहे, तिची निवड मीच केली, म्हणाले.

आज रविवार. सकाळी हे पुन्हा पिशवी घेऊन दारापर्यंत गेले, तेरु. मी भांडी घासत असल्याचं सोंगही करू शकले नाही. चांगलं करायला गेलो आणि आपण दोघांनी मिळून त्यांचं गाणं काढून घेतलं.

याहून जास्त लिहवत नाही.

ताई

कावागुची,
१६ फेब्रुवारी १९७८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानातून सुटी घेतली. तो मोठा अँप्लिफायर घेऊन येत्या रविवारी दुपारच्या गाडीने येतो. मालगाडीने पाठवला तर आठवडा जाईल, म्हणून अंगावरच आणतो. भाऊजींना फक्त एवढंच सांग की तेरु येतो आहे. त्यांनी काहीही ऐकवलं तरी ऐकून घेईन. तू मधे पडू नकोस.

तुझा,
तेरुहिको

मात्सुमोतो,
१ मार्च १९७८

चि. तेरुस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठ वळवून पळालास त्यानंतर काय झालं ते कळवायला हवं. पळालास असंच म्हणते, कारण संध्याकाळच्या गाडीला अजून पुष्कळ वेळ होता, आणि तू रेकॉर्डची एक बाजू संपायच्या आत बूट घातलेस.

तू आलास तेव्हा पाठीला तो बोजा बांधून आला होतास, घामाने निथळत होतास. ह्यांना वाटलं तू सफरचंदं न्यायला आलास की काय. तू न बोलता तारा बदलल्यास आणि तीच वृंदगायनाची रेकॉर्ड लावलीस. हे सफरचंद सोलत होते. सगळे आवाज एकदम उठले तिथे सुरी थांबली. तू मान खाली घालून बसला होतास म्हणून तुला दिसलं नाही, मी पाहिलं. ह्यांचा डावा हात आपोआप वर गेला आणि मधल्या स्वरातल्या बायकांना त्यांनी खूण केली. हवेतच. मग हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

तू गेल्यावर ती बाजू त्यांनी पुन्हा ऐकली. मग मला विचारलं, तेरुहिकोला आधीपासून ठाऊक होतं का? मी सांगितलं. मीच तुला लिहू नको म्हणाले, तुझं पत्र मीच चुलीत घातलं, सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते उठले, खोरं घेतलं आणि अंगणातला बर्फ काढायला गेले. तो बर्फ मी सकाळीच काढला होता. मोकळ्या फरशीवर खोरं ओढत राहिले. घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता आणि शेजारीण पडदा सारून बघत होती.

आत आले आणि हात धुता धुता म्हणाले, सावाको, कान गेले असते तर बरं झालं असतं. कान गेले असते तर म्हातारपणावर रागावलो असतो आणि संपलं असतं. आता रागवायचं तर तुम्हा दोघांवर, आणि तुम्ही दोघं माझं बरं व्हावं म्हणून बोलला नाहीत. मग मी रागवायचं कोणावर?

जन्मात पहिल्यांदा मला ह्यांच्यावर एकही टोमणा सुचला नाही. तू त्यांना लिही. मला मधे घालू नको आणि गोल गोल लिहू नको.

ताईचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नको.

सावाको

कावागुची,
७ मार्च १९७८

ती. भाऊजींस,
तेरुहिकोचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी आपण मला सरळ प्रश्न विचारला होता. सरळ उत्तर असं, की जोडी जुळत नव्हती आणि ते मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. स्पीकर मोकळे होतील असं मी लिहिलं, ती थाप होती. थोडेफार होतातही, पण आठ वॅटचे शंभर होत नाहीत. त्या थापेमुळेच आपण इतके महिने वाट पाहिलीत आणि मग स्वतःवर शंका घेतलीत. ताईने मला सांगितलं म्हणून मी गप्प बसलो असं म्हणणार नाही. मी पन्नाशीचा माणूस आहे. आपलं मन मोडायचा धीर झाला नाही, एवढंच खरं.

आपली परवानगी असेल तर मी मोमोसेबाईंना सर्व कळवतो. दोष माझा, सरांचे कान ठणठणीत आहेत, असं लिहितो. मात्सुमोतोला येऊन सगळ्या वृंदापुढे डोकं टेकवायलाही मी तयार आहे. आपण परत उभे राहावं, याखेरीज मला दुसरं काही नको.

मोठा अँप्लिफायर आपल्याकडेच राहू द्यावा. क्षमा करा असं लिहवत नाही. लोभ उरला असेल तर तेवढ्यावर चालवीन.

आपला,
तेरुहिको

मात्सुमोतो,
१८ जून १९७८

चि. तेरुहिको यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच महिने झाले. उत्तर दिलं नाही, कारण रागात लिहिलेलं पत्र तुझ्या ताईने पोस्टात टाकलं नसतं, आणि राग निवल्यावर काय लिहावं ते सुचेना. राग होता, हे तुला सरळ सांगतो. या घरात कोणीतरी सरळ बोलायला सुरुवात करायला हवी.

मोमोसेबाईंना काही लिहू नकोस. मी परत जाऊ शकत नाही. हायासे नागोयाची नोकरी सोडून माझ्या शब्दावर इथे आली, तिने आता कुठे जायचं? शिवाय निरोपाचं जेवण जेवलो, शाल घेतली. दोनदा निरोप नाटकवाले घेतात, मास्तरांनी घ्यायचा नसतो. माझ्यावर प्रेम करणारी माणसं थोडी कमी असती, तर आज मी रविवारी तालमीला गेलो असतो, असं कधी कधी मनात येतं. हे बोचरं आहे, पण ते तुला सांगितलं नाही तर पुन्हा तेच व्हायचं.

स्पीकर आता खरोखर गातात. तुझी निवड उत्तम होती, हेही तितकंच खरं. येत जा. इथे येऊन बस, ऐक, आणि कुठे खटकलं तर तोंडावर सांग. लोभ आहे. तो तुटला असता तर इतकं लिहिलं नसतं.

गेल्या रविवारी नगरभवनात वृंदाचा कार्यक्रम झाला. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. तिसऱ्या गाण्यात मधल्या स्वरातल्या बायकांनी सूर उशिरा उचलला. अगदी किंचित. हायासेचा डावा हात तिथे स्पष्ट नसतो, चूक तिची आहे, बायकांची नाही. मला ते लख्ख ऐकू आलं. आधी मनातून किती आनंद झाला हे लिहायला लाज वाटते.

कार्यक्रम संपल्यावर ती धावत माझ्याकडे आली. केस कपाळाला चिकटलेले, मागे तिचे आईवडील नागोयाहून आलेले, मोमोसेबाई फुलं घेऊन उभ्या. वाकून म्हणाली, सर, नोव्हेंबरात स्पर्धेला हेच गाणं नेणार आहोत. कसं झालं ते खरं सांगा. आणि इतक्या आशेने माझ्याकडे बघत राहिली की मी म्हणालो, उत्तम झालं, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. तिच्या आईने डोळे पुसले.

घरी येईपर्यंत तुझ्यावरचा राग कुठे गेला ते कळलं नाही. पण त्याने हायासेचा काय फायदा? तेव्हापासून रोज सकाळी तिला पत्र लिहायला बसतो. मायना जमतो, पावसाची चौकशी होते, आईवडील सुखरूप पोचले का ते विचारून होतं. त्यापुढे कागद कोराच राहतो.

तुझा,
मोरिओ काताकुरा